पिंपळमळ्याच्या फळ्यावरचं वजन

सोमवार, १४ जानेवारी १९७४. सातारा.

संक्रांत. तिळगूळ घेतला. गोड बोलण्याचा संकल्प मात्र केलेला नाही. हायस्कुलात तीस वर्षं सायन्स शिकवलं, गोड बोलल्यानं एकाही कार्ट्याला ऑक्सिजन बनवता आला नाही.

यंदाचा संकल्प एकच. उघडा कारभार.

मी कृष्णाकाठ पोषणशास्त्र मंडळाचा मानद कार्यवाह. मानद म्हणजे बिनपगारी, हे लोकांना सारखं सांगावं लागतं. दुष्काळात जो तो उठून सुकडी वाटत होता. कुणी खाल्ली, कुणाचं वजन किती वाढलं, विचारलं की ही मंडळी आभाळाकडे बघतात. आमचं तसं नाही. शेंगदाणा, डाळं, नाचणी आणि गूळ यांची सत्त्ववडी, कृती माझी. कडेगावजवळच्या पिंपळमळा गावात बेचाळीस मुलांना रोज दोन-दोन. दर महिन्याच्या सव्वीस तारखेला वजन. आणि ते वजन देवळाच्या भिंतीवरच्या फळ्यावर, ऑइलपेंटनं. खडू पुसता येतो. एकदा लिहिलेला आकडा पुसायचा नाही, हा नियम ठरावात मीच घातला. कमिटीतले सगळे गप्प बसले. प्रामाणिक माणूस दिसला की लोक असेच गप्प बसतात.

तीन महिन्यांनी पुण्याचे डॉ. मेहेंदळे तपासणीला येतील. ते हो म्हणाले तर वडी सातारा-सांगलीच्या सगळ्या बालवाड्यांत. नाही म्हणाले तर पिंपळमळ्याचं केंद्रसुद्धा बंद. पण नाही म्हणतील कशाला?

शनिवार, २६ जानेवारी. पिंपळमळा. दुपार.

उद्घाटन झकास. लोकरीचा कोट घातला होता, कोंडीबा धोब्यानं कडक इस्त्री केलेला. तीनही बटणं लावून फोटो.

काटा चिंचेच्या फांदीला टांगलेला. काट्यावर धुळा. सांगलीच्या हळदीच्या पेठेत याची चाळीस वर्षं गेली. आता गावी परतलाय. त्याला नेमायची कल्पना आमच्या सुहासिनीबाईंची. या पुण्याहून होमसायन्स शिकून आल्या, वय चोवीस, मत प्रत्येक गोष्टीत. धुळा प्रत्येक वजन गावाच्या शिवेपर्यंत ऐकू जाईल असं ओरडतो. कान किटले. हळू बोल म्हटलं तर म्हणाला, सायेब, काट्यावरच्या मानसानं वराडूनच सांगायचं असतंय. इकनाऱ्यानं बी ऐकावं, घेनाऱ्यानं बी ऐकावं. वजन खोटं असंल तर तोलाऱ्याची जीभ उठत न्हाई. बाजारातले हे चोचले विज्ञानाला काय कामाचे? पण म्हटलं, ओरड बाबा.

आदर्श म्हणून पहिला मी स्वतः काट्यावर बसलो. हातात नारळ, गळ्यात हार. धुळा ओरडला, अठ्ठावन किलो! फळ्यावर पहिलीच ओळ: मानद कार्यवाह, ५८. टाळ्या.

मग माझ्या मनात आलं, शुभकार्य आहे, मुलांच्या मांडीवरही एकेक नारळ असावा. बेचाळीस नारळ कराडहून आणवलेच होते. बायकांनी पोरं नटवून आणली होती. पायांत चांदीचे वाळे, कमरेला करदोटा, डोक्याला टोपरं. मनुबाईची लीला, तीन वर्षांची, काडीसारखी, नारळाला दोन्ही हातांनी धरून बसली. नऊ किलो सातशे. फळ्यावर सातवा नंबर. ही मुलगी तीन महिन्यांत अशी गुबगुबीत करतो की मेहेंदळे कडेवर घेतील.

रविवार, २७ जानेवारी.

सुहासिनीबाई सकाळीच आल्या. म्हणाल्या, नारळाचं वजन वजा करायला हवं. त्यांनी धुळाकडून एक नारळ तोलून घेतलाय, साडेपाचशे ग्रॅम. वाळे वगैरे धरून पाऊण किलोला थोडं कमी. चूक आजच फळ्यावर लिहून टाकू, कुणी काही म्हणणार नाही.

मी शांतपणे विचारलं, लिहिलेला आकडा बदलायचा? उघड्या कारभाराच्या दुसऱ्याच दिवशी?

त्यांनी दोनदा समजावलं. मी तीनदा नाही म्हटलं. शेवटी त्यांनी स्वतःच्या वहीत काहीतरी लिहिलं. पुण्याच्या मुलींना वह्यांचा फार सोस.

शनिवार, ९ फेब्रुवारी. सातारा. दुपारी चार.

पिंपळमळ्याहून वड्यांचा डबा एस.टी.च्या कंडक्टरबरोबर आला. वड्या करते चंद्राबाई. गावातलीच, बोलायला फटकळ. बायकांच्या हाताचा भरवसा काय? म्हणून दर आठवड्याला नमुने मागवायचे ठरवलं. चव-परीक्षण. चार खाल्ल्या. गूळ किंचित जास्त वाटला. खात्री करून घ्यायला आणखी दोन.

पद्माला दिल्या नाहीत. संस्थेची वस्तू घरात वाटायची नाही, हा माझा बाणा. ती म्हणाली, मग तुम्ही कुठं बसून खाताय?

बायकोला शास्त्र शिकवणं मी केव्हाच सोडलंय.

सोमवार, १८ फेब्रुवारी.

महाबळेश्वरचे आपले विश्वस्त नमुने मागतात. साताऱ्याचे दोन वकील मागतात. मोठ्या माणसांना चव कळली तरच वडीचं नाव होईल. चंद्राबाईला चिठ्ठी धाडली, डबा मोठा पाठव. तिचा निरोप आला: शेंगा तेवढ्याच, गूळ तेवढाच, डबा मोठा केला तर पोरास्नी काय देऊ?

उद्धट. दोनऐवजी एक दे म्हणून कळवलं. मात्रा कमी असली की पचन चांगलं होतं. हे पुस्तकात नसेल, अनुभवात आहे.

मंगळवार, २६ फेब्रुवारी. पिंपळमळा.

दगा.

बेचाळीस मुलांपैकी एकोणचाळीस मुलांचं वजन उतरलं. लीला नऊ किलो. सातशे ग्रॅम गायब! धुळा एकेक आकडा ओरडतोय आणि गाव ऐकतंय. सरपंच लालासाहेब मिशीतल्या मिशीत हसत होते. नारळ नव्हते यावेळी, उद्घाटन नव्हतं ना. सुहासिनीबाईंनी पुन्हा तेच तुणतुणं लावलं. नारळ सोडले तर फारसं काही घटलेलं नाही, म्हणाल्या, फक्त वाढ व्हायला हवी होती ती नाही.

मी विचारलं, म्हणजे माझ्या उद्घाटनात चूक होती?

त्या म्हणाल्या, हो.

एवढ्या सरळ हो म्हणणाऱ्या बाईच्या मनात काही काळंबेरं असल्याशिवाय राहणार नाही. नजर ठेवायची.

शनिवार, २ मार्च. पिंपळमळा.

चोर सापडायलाच हवा. घरोघर जाऊन तपासलं. आयांनीच वड्या खाल्ल्या असणार, दुसरं कारण संभवतच नाही. उतरंडी उघडायला लावल्या, फडताळं बघितली. एकही वडी मिळाली नाही. म्हणजे पुरावासुद्धा खाल्ला.

मनुबाईच्या घरात मी उतरंडीतलं तिसरं मडकं खाली ठेवलं तेव्हा ती म्हणाली, आवं सायेब, एक वडी येती, ती पोरगी माज्या म्होरं खाती अन् हात चाटत बसती. अजून माग म्हनती. म्या कुटनं आनू?

लीला दारात उभी होती. माझ्या कोटाच्या खिशाकडे बघत होती. खिशात परीक्षणाच्या दोन वड्या होत्या. वास येत असेल. पण काढून दिल्या असत्या तर प्रयोगाची शिस्त बिघडली असती. एस.टी.त खाल्ल्या.

रविवार, १० मार्च. सातारा.

कोट आवळला. मधलं बटण लागत नाही, खालचं तर जवळही येत नाही. कोंडीबानं गरम पाण्यात बुडवून लोकर आटवली. त्याला दारात बोलावून आळीभर ऐकू जाईल असा झापला. चोर, निष्काळजी, तुझ्या बापानं कधी लोकर धुतली होती का, सगळं बोललो. तो म्हणाला, सायेब, मी निस्ती इस्त्री फिरवली, पान्याचा थेंब न्हाई लावला. खोटारडा! आजपासून त्याचं येणं बंद. वीस वर्षं येत होता म्हणून काय झालं?

पद्मा दारामागून म्हणाली, सदरेही आटलेत. त्यांना तर मी घरी धुते.

तिच्या बोलण्याचा रोख कळला नाही. कळून घ्यायचाही नाही.

सोमवार, २५ मार्च.

झोपेत उत्तर सुचलं. विज्ञानात पद्धत एकसारखी हवी! पहिल्या वजनाला नारळ होता, म्हणजे प्रत्येक वजनाला नारळ पाहिजे. फेब्रुवारीत तो नव्हता हीच खरी चूक, आणि ती सुहासिनीबाईंच्या डोळ्यांदेखत झाली. त्यांनी आठवण करायला नको होती?

शिवाय एका हातात नारळ धरला की मूल कलतं. दोन्ही हातांत दिले तर तोल राहील. चौऱ्याऐंशी नारळ सांगितले.

मंगळवार, २६ मार्च. पिंपळमळा.

यश! लीला दहा किलो दोनशे. सगळीच्या सगळी मुलं वाढली. फळा मी स्वतः रंगवला. शर्टाला ऑइलपेंट लागला, हरकत नाही.

धुळा आज एक शब्द बोलला नाही. पारडं जुळलं की नुसता बाजूला व्हायचा, आकडा मलाच वाचावा लागला. आधी म्हणाला होता, सायेब, बाजारात पोत्याचं वजन वजा करत्यात, मग नारळाचं का न्हाई? मी म्हटलं, तू हमाल, मी सायन्सवाला. तेव्हापासून तोंड मिटून. आदर वाटला असावा.

गावकरी लगेच पांगले. कुणी फळा वाचायला थांबलं नाही. बायकांनी मुलांच्या हातांतले नारळ काढून माझ्या पायाशी ठेवले आणि निघून गेल्या. एकीनंही नारळ घरी नेला नाही. किती भाविक लोक!

शनिवार, ६ एप्रिल. सातारा.

सुहासिनीबाईंनी मार्चच्या तक्त्यावर सही करायला नकार दिला. म्हणाल्या, मी नारळांचं वजन केलंय, मुलांचंही केलंय, दोन्ही वहीत वेगवेगळं आहे. वही मंडळाच्या ताब्यात द्या म्हटलं. डॉक्टरांच्या ताब्यात देईन म्हणाल्या. वर विचारतात, वड्यांचा डबा दर आठवड्याला साताऱ्याला का येतो आणि रिकामा परत का जातो?

मी संतापलो. उघडा कारभार म्हणजे कुणीही उठून काहीही विचारावं असा त्याचा अर्थ नव्हे. पत्र दिलं: एक मेपासून आपल्या सेवेची गरज नाही. त्यांनी पत्र वाचलं, त्याची नीट घडी केली आणि म्हणाल्या, म्हणजे सव्वीस एप्रिलला मी असेन.

संतापानं थकवा येतो. आठ वड्या.

महाबळेश्वरला आणि वकिलांकडेही पाठवायच्या आहेत. चंद्राबाईला कळवलं, मुलांना अर्धी-अर्धी दे. उद्यापासून चव-परीक्षण फक्त एका वडीवर करायचं. ठरलं.

रविवार, ७ एप्रिल.

एका वडीवरून निष्कर्ष निघत नाही. सात.

रविवार, १४ एप्रिल. पिंपळमळा.

फळा साताऱ्याला न्यायचा विचार केला. रंग उडालाय, नव्यानं लिहून आणू. टेम्पो घेऊन गेलो. लालासाहेब पायरीवर बसूनच म्हणाले, फळा मंडळाचा असंल सायेब, पन भिंत गावाची हाय. तुमीच सांगितलं हुतं की लिवल्यालं पुसायचं न्हाई. गावानं तुमचं ऐकलंय.

आणि चार-पाच म्हाताऱ्या फळ्याखाली येऊन बसल्या. उठेनात. टेम्पो रिकामा परत. या गावासाठी मी एवढं केलं, त्याचं हे फळ. यांच्या पोरांना काय द्यायचं ते दिलं तरी हे असेच राहणार.

शुक्रवार, २६ एप्रिल. पिंपळमळा. सकाळ.

मेहेंदळे आले. बुटके, साधे, खादीची पिशवी. माझ्या स्वागताच्या भाषणात मध्येच म्हणाले, आधी वजनं घेऊ. नारळ तयार होते. त्यांनी विचारलं, हे कशाला? मी पद्धतीचं महत्त्व सांगितलं. त्यांनी मुलांचे वाळे, करदोटे, कपडे, सगळं काढायला सांगितलं.

धुळानं धोतराला हात पुसले, पारडी धरली आणि ओरडला. महिनाभर गप्प होता, सगळा साठा बाहेर काढला. सारा गाव धावत आला. बायका रडत होत्या की हसत होत्या, कळत नव्हतं.

लीला आठ किलो नऊशे.

सुहासिनीबाईंनी वही उघडून दाखवली. जानेवारीत नारळ-वाळे वजा जाता नऊ. म्हणजे तीन महिन्यांत शंभर ग्रॅम उणे. डॉक्टरांनी तिचा दंड दोन बोटांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मी म्हटलं, वडी निरुपयोगी ठरली तर मी ते उघडपणे मान्य करीन, आपण लपवाछपवी करत नाही. मी हे बऱ्यापैकी आवाज चढवून म्हटलं.

तेव्हा चंद्राबाई पुढं आली. म्हणाली, डाक्टर, वडी लय चांगली हाय. पोरास्नी मिळाली न्हाई, एवढंच. आधी दोन, मंग एक, आता अर्धी. बाकी समदी डब्यात घालून साताऱ्याला. आमी थापायच्या, पोरांनी बघायच्या.

डॉक्टरांनी फळ्याकडे बघितलं. पहिली ओळ वाचली. मग माझ्याकडे, कोटाकडे. कोट मी खांद्यावर टाकला होता, उकाड्यामुळे. शांतपणे म्हणाले, कार्यवाह, आपणही बसा काट्यावर.

मी म्हटलं, माझा यात काय संबंध?

लालासाहेब म्हणाले, पयलं नाव तुमचंच हाय की वो.

बेचाळीस आया बघत होत्या. बसलो. फांदी करकरली. धुळाला दोनदा वजनं वाढवावी लागली. त्यानं पारडं स्थिर होऊ दिलं, चाळीस वर्षांत हळदीच्या पोत्याला जेवढा वेळ दिला असेल तेवढा दिला. मग ओरडला.

एकोणसत्तर किलो पाचशे! नारळ न्हाई, हार न्हाई, निव्वळ!

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मनुबाई लीलाला उचलून घरी गेली.

शनिवार, २७ एप्रिल. सातारा.

डॉक्टरांचा निकाल: वडीचा गुण सिद्ध. एका व्यक्तीवर. केंद्र चालू ठेवावं, बालवाड्यांचा विचार सहा महिन्यांनी. डबा गावाबाहेर जाऊ नये. सुहासिनीबाईंना केंद्रप्रमुख नेमावं. काल त्यांनी फळ्यावर माझ्या नावापुढे आकडा रंगवला, ऑइलपेंटनं. ठरावाप्रमाणे पुसता येत नाही.

राजीनामा दिला. कारण लिहिलं: तत्त्वाचे मतभेद. कमिटीनं पाच मिनिटांत मंजूर केला. इतर ठरावांना यांना तीन-तीन तास लागतात.

शनिवार, ४ मे. दुपारी चार.

डबा आला नाही. कंडक्टरला विचारायला स्टँडवर गेलो होतो. येणार नाही हे माहीत होतं. तरी गेलो.

गुरुवार, १५ ऑगस्ट १९७४. सातारा.

सुहासिनीबाईंचं कार्ड आलं. पत्ता नीट, अक्षर स्वच्छ. लीला दहा किलो चारशे. रोज दोन वड्या. नारळाशिवाय, असं मुद्दाम लिहिलेलं नाही. शेवटी एकच ओळ: वडीबद्दल आपण म्हणत होता ते खरं होतं.

कार्ड तीनदा वाचलं. त्या दिवशी लीला दारात उभी होती आणि माझ्या खिशाकडे बघत होती. दोन वड्या होत्या. शिस्त वगैरे काही नव्हती, मला त्या खायच्या होत्या. हे इथं लिहून ठेवतो. ही वही फळा नाही, कुणी वाचणार नाही, तरी.

शाळेत झेंडावंदनाला जायचं होतं. पद्मानं ट्रंकेतून कोट काढून खुंटीला लावला. घातला. वरचं बटण लागलं. मधलं लागलं. खालचंही लागलं.

लोकर आटली नव्हती.

कोंडीबाला बोलावणं पाठवलं. तो आला नाही. म्हणून झेंडावंदन झाल्यावर मीच त्याच्या घरी गेलो. दार उघडं होतं, तो ओट्यावर इस्त्री करत होता. मी बराच वेळ समोर उभा राहिलो. त्यानं मान वर केली नाही. मग परत आलो.